आवाज येत होता म्हणून बंद केला

डिचोली तालुक्यातल्या एका पतसंस्थेचा फोन आला तेव्हा मी म्हापशातल्या माझ्या दुकानाचं शटर ओढत होतो. जुलै महिना, सकाळपासून पावसाने उसंत घेतली नव्हती. "सभासदांची खाती उघडत नाहीत. उद्या नऊला लोक दारात उभे राहतील, काहीतरी करा." संस्थेचं नाव सांगत नाही. सांगून उपयोगही नाही, कारण असा प्रकार मी तिथे पहिल्यांदा पाहिला असं अजिबात नाही.

त्यांच्याकडे माहिती साठवायचा, दोन डिस्कचा एक डबा होता. आमच्या धंद्यात त्याला नॅस म्हणतात. दोन्ही डिस्कवर तोच मजकूर, म्हणजे एक गेली तरी दुसरी असतेच. कुणातरी शहाण्याने काही वर्षांपूर्वी बसवून दिलेला. मी डब्याच्या नोंदी उघडल्या. पहिली डिस्क नोव्हेंबरात मेली होती. पुढचे आठ महिने संस्था एकाच डिस्कवर चालली होती, आणि आज ती दुसरीही अडखळायला लागली होती.

"काका, नोव्हेंबरात याने काही आवाज केला होता का हो?" मी हेडक्लार्कना विचारलं.

"केलेला ना. दिवसभर टीं टीं टीं. काउंटरवर बोललेलं ऐकू येईना. मग शिपायाने मागचं बटण दाबलं, तेव्हा कुठे बंद झाला."

"मग कुणाला कळवलंत?"

"आवाज बंद झाला ना. मग कळवायचं काय?"

काकांना हसू नका. त्यांच्यापेक्षा हजारपट मोठ्या कंपनीने जवळपास हेच केलं होतं, त्याकडे शेवटी येतो. साठवलेल्या माहितीत बिघाड झाला तर ती परत कशी मिळवायची, याची गणितं माणसाने केव्हाच सोडवून ठेवली आहेत. घोडं पेंड खातं ते बिघाड झालाय हे कळण्यापाशी.

सरळ मेलेली डिस्क

हार्ड डिस्कच्या आत गुळगुळीत चकत्या गरगर फिरत असतात. नेहमीच्या कॉम्प्युटरातली चकती बहुधा मिनिटाला ७,२०० वेळा फिरते, म्हणजे सेकंदाला १२० फेरे. तिच्यावर लिहिणारं आणि वाचणारं हेड तिला न टेकता काही नॅनोमीटर वर तरंगतं. आपल्या डोक्याचा केस त्या फटीच्या हजारो पट जाड असतो. १९५६ साली आयबीएमने अशी पहिली डिस्क बाजारात आणली, तेव्हा तिच्यात २४ इंची ५० चकत्या होत्या आणि सगळ्या मिळून साधारण ५ एमबी मावायचे. आज मोबाइलवर काढलेला एखादा फोटो तेवढा भरतो. एवढी नाजूक चीज रात्रंदिवस फिरत राहिली तर कधीतरी मरणारच.

सरळ मेली तर फारसं बिघडतही नाही. समजा तीन डिस्क आहेत आणि त्यांच्यावर ७, ४ आणि ९ हे आकडे लिहिलेत. चौथी डिस्क घ्यायची आणि तिच्यावर फक्त बेरीज लिहायची: २०. आता दुसरी डिस्क जळाली. वीस वजा सात वजा नऊ, चार. गेलेला आकडा परत मिळाला, आणि तोही प्रत्येक डिस्कची वेगळी नक्कल न ठेवता. कॉम्प्युटर बेरजेऐवजी सम-विषमचा हिशेब ठेवतो, पण तत्त्व हेच. १९८८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठातल्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी या युक्तीच्या वेगवेगळ्या मांडण्या एका निबंधात नीट लावून दाखवल्या आणि त्यांना रेड असं नाव दिलं. दुकानात येणारा गिऱ्हाईक "रेड फाइव्ह आहे आमच्याकडे" असं ऐटीत सांगतो ते हेच.

या वजाबाकीत एक गोष्ट गृहीत धरली आहे, ती सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. कोणती डिस्क गेली हे आपल्याला आधीच माहीत असावं लागतं. डिस्क गेली नाही, पण चारच्या जागी गुपचूप सहा सांगायला लागली तर? बेरीज बावीस येते, लिहिलेली आहे वीस. काहीतरी चुकलंय हे कळलं, पण कोण चुकतंय? सात? नऊ? की वीसच चुकीचं लिहिलं गेलं? बेरीज यावर गप्प बसते. मेलेल्या डिस्कपेक्षा खोटं बोलणारी डिस्क का वाईट, ते इथे दिसतं.

बांधातली भोकं

खोटेपणाच्याही आधी एक साधा बिघाड असतो: डिस्क चालू, पण तिच्यावरची एखादी चिमुकली जागा वाचता न येणारी. बॅड सेक्टर. माझं आजोळ चोडणला, त्यामुळे हे समजावताना मला खाजनच आठवतं. ज्यांनी खाजन पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो: खाडीकाठची सखल भातशेती, खारं पाणी आत येऊ नये म्हणून मातीचा लांबलचक बांध, आणि पाणी आत-बाहेर सोडायला मानस, म्हणजे लाकडी दारांची मोरी. या बांधाचा खरा शत्रू उधाण नाही. खेकडे. ते बांधाच्या पोटात भोकं पाडतात आणि बाहेरून बांध जसाच्या तसा दिसतो. मग पुनवेच्या भरतीला पाणी चढतं, त्या भोकातून वाट काढतं, आणि सकाळपर्यंत बांधाला भगदाड. लोक म्हणतात, उधाणाने बांध फोडला. आजोबा म्हणायचे, बांध महिन्यापूर्वीच फुटला होता, उधाणाने फक्त दाखवलं. म्हणून ओहोटी लागली की ते फावडं घेऊन बांधावरून चालत जायचे. भोक दिसलं की चिखल ठासायचा आणि पुढे.

डिस्कवरची वाचता न येणारी जागा हे तसंच भोक. पाच वर्षांपूर्वीचे लग्नाचे फोटो कुणी उघडत नाही, त्यामुळे तिथलं भोक कुणाला दिसत नाही. उधाण येतं ते डिस्क बदलायच्या दिवशी. एक डिस्क मरते, आपण नवी लावतो, आणि वजाबाकी करून तिच्यावर सगळं पुन्हा लिहायला घेतो. याला रिबिल्ड म्हणतात. त्यासाठी उरलेल्या प्रत्येक डिस्कची इंच न् इंच जागा वाचावी लागते, आणि नेमकी तेव्हाच झाकलेली भोकं उघडी पडतात. पतसंस्थेत हेच झालं. दुसऱ्या डिस्कवर काही ठिकाणी वाचता येईना, आणि त्यातली एक जागा खात्यांच्या फायलीत होती.

आकड्यांत पाहू. घरगुती डिस्कच्या माहितीपत्रकात बहुतेक वेळा लिहिलेलं असतं की एकावर १४ शून्यं इतके बिट वाचले तर त्यात जास्तीत जास्त एकदा वाचन फसेल. एवढे बिट म्हणजे साडेबारा टीबी. चार टीबीच्या चार डिस्कचा रेड फाइव्ह असेल तर एक गेल्यावर उरलेल्या तीन, म्हणजे बारा टीबी पूर्ण वाचायच्या आहेत. प्रत्यक्षात डिस्क या आकड्यापेक्षा बऱ्या वागतात, पण वेळही बघा. सेकंदाला १५० एमबीच्या वेगाने चार टीबी लिहायला सात तासांहून जास्त लागतात, तेही संस्थेचं बाकी काम थांबवलं तर. तेवढा वेळ वजाबाकीला आधार उरत नाही. म्हणूनच मोठ्या डिस्कसाठी दोन-दोन वेगवेगळ्या बेरजा ठेवणारी मांडणी निघाली, ज्यात दोन डिस्क एकदम गेल्या तरी चालतं.

बांधावरून चालायच्या कामाला इथे स्क्रबिंग म्हणतात. यंत्राला सांगून ठेवायचं की महिन्यातून एकदा, रात्री, कुणी मागितलं नसलं तरी सगळं वाचून काढ. भोक सापडलं तर बाकीच्या डिस्क अजून धडधाकट आहेत, वजाबाकी करून तिथल्या तिथे बुजव. जवळपास प्रत्येक नॅसमध्ये ही सोय असते. मी दुरुस्तीला येणारे डबे उघडतो तेव्हा ती बहुतेकदा बंदच सापडते, कारण स्क्रबिंगच्या रात्री डबा जरा घरघरतो.

शांत चेहऱ्याने खोटं

पणजीच्या पुराभिलेखागाराची सुरुवात १५९५ सालची. पोर्तुगीज काळातली तिथली जुनी कागदपत्रं पाहिली तर कागद किडीने कुठे कुरतडला ते डोळ्यांना दिसतं. अक्षर गेलं तिथे भोक आहे, आणि भोक काही अक्षर असल्याचा आव आणत नाही. डिस्क तो आव आणू शकते. तुम्ही मागितलेल्या जागेऐवजी शेजारच्या जागेवरचा मजकूर देते. किंवा लिहायला सांगितलं तेव्हा "लिहिलं" म्हणाली आणि लिहिलंच नाही, त्यामुळे आज विचारलं की कालचा जुना मजकूर बिनदिक्कत पुढे करते. हे क्वचित होतं. पण २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १५ लाख ३० हजार डिस्कवर ४१ महिने नजर ठेवली, तेव्हा मजकूर आणि त्याची खूण जुळत नाही असे चार लाखांहून अधिक प्रसंग सापडले.

खूण म्हणजे चेकसम. आधारकार्ड काढा. त्यावरच्या बारा आकड्यांतला शेवटचा आकडा आधीच्या अकरांवरून एका ठरलेल्या रीतीने काढलेला असतो. त्या रीतीला वेरहूफची पद्धत म्हणतात. फॉर्म भरताना एक आकडा चुकला, किंवा शेजारचे दोन उलटसुलट झाले, तर शेवटचा आकडा जुळत नाही आणि कॉम्प्युटर तिथेच अडवतो. डिस्कवरच्या प्रत्येक तुकड्यासोबत अशीच, पण खूप लांबलचक खूण ठेवली, की वाचताना ती पुन्हा काढून ताडून पाहता येते. मघाच्या उदाहरणात ७, ४, ९ या प्रत्येकाला आपापली खूण असती, तर सहा सांगणारी डिस्क लगेच पकडली गेली असती. एकदा चोर कळला की पुढची वजाबाकी येतेच आपल्याला.

हाच प्रश्न गणितज्ञ रिचर्ड हॅमिंग यांना १९४० च्या दशकात बेल लॅब्ज या अमेरिकेतल्या संशोधन संस्थेत पडला होता. तिथल्या यंत्रावर ते शनिवार-रविवारी गणितं लावून जायचे. यंत्राला चूक झाली हे कळायचं, पण त्यावर ते एवढंच करायचं की काम अर्धवट सोडून पुढचं घ्यायचं. सोमवारी येऊन पाहावं तर उत्तर नाही. हॅमिंग वैतागले: चूक झाली हे कळतं, तर कुठे झाली हे का कळू नये? वहीत आकड्यांचा तक्ता मांडून आडवी आणि उभी अशा दोन्ही बेरजा मारणाऱ्या कुठल्याही हिशेबनिसाला उत्तराची दिशा दिसेल. तिसरी ओळ जुळत नाही, पाचवा रकाना जुळत नाही, तर चूक त्या दोघांच्या छेदावरच्या घरात. हॅमिंग यांनी याहून काटकसरीची रीत शोधली आणि १९५० मध्ये छापली. त्या कुळातल्या रीती आज प्रत्येक डिस्कच्या आत चालतात, आपल्याला पत्ता न लागू देता.

खूण ठेवायची कुठे, यालाही महत्त्व आहे. मजकुराला चिकटूनच ठेवली, तर न लिहिता "लिहिलं" म्हणणारी डिस्क सुटते, कारण जुन्या मजकुराला जुनी खूण अगदी बरोबर जुळते. पैसे आणि पावती एकाच पाकिटात ठेवण्यातला प्रकार. जुनं पाकीट हाती दिलं तरी हिशेब जुळतोच! म्हणून २००५ साली सन कंपनीने खुल्या केलेल्या झेडएफएसने, म्हणजे डिस्कवर फायली मांडून ठेवणाऱ्या एका प्रणालीने, खूण वेगळ्या ठिकाणी, त्या तुकड्याचा पत्ता जिथे लिहिलेला असतो तिथे ठेवली. पत्ता सांगतानाच तो सांगतो की तिथे अमुक खुणेचा माल मिळायला हवा. मला स्वतःला ही मांडणी इतकी पटते की गिऱ्हाईकाला परवडत असेल तर मी दुसरं काही सुचवत नाही.

डिस्क स्वतःबद्दल काय सांगते

प्रत्येक डिस्क आपल्या तब्येतीची वही ठेवते. तिला स्मार्ट म्हणतात. फुकट मिळणाऱ्या एखाद्या प्रोग्रॅमने ती वही उघडता येते. तीन ओळी पाहा, बाकीच्या सोडा. रीअलोकेटेड सेक्टर म्हणजे खराब निघालेल्या जागा, ज्यांच्या बदली डिस्कने राखीव साठ्यातल्या जागा दिल्या. पेंडिंग सेक्टर म्हणजे डिस्कला ज्यांच्याबद्दल शंका आहे त्या जागा. आणि सीआरसी एरर.

या तिसऱ्या ओळीने माझ्या कित्येक गिऱ्हाइकांचे पैसे वाचवलेत. शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला आलेले पेडण्याचे एक फोटोग्राफर एका पिशवीत मिरच्या आणि दुसऱ्या पिशवीत कॉम्प्युटर घेऊन दुकानात शिरले. जत्रेतल्या दशावताराचं दोन वर्षांचं चित्रीकरण आत. "डिस्क मेली, पंधरा मिनिटांनी अडकते, नवी द्या." वही उघडली. रीअलोकेटेड शून्य, पेंडिंग शून्य, सीआरसी चार हजारांवर. म्हणजे डिस्कवरचा मजकूर ठणठणीत, पण कॉम्प्युटरपर्यंत येता येता वाटेत मोडतोय. केबल काढली तर टोकाच्या पिनांवर हिरवट थर. नवी केबल लावली, आकडा वाढायचा थांबला. (तो मागे मात्र येत नाही. वहीत खाडाखोड नसते.)

समुद्राकाठी राहणाऱ्यांना ही गोष्ट मी मुद्दाम सांगतो. लोक डिस्क तापेल म्हणून घाबरतात. मायक्रोसॉफ्टच्या नऊ डेटा सेंटरांमधल्या नोंदींवर २०१६ मध्ये एक अभ्यास आला, त्यात डिस्कच्या बिघाडांवर उष्णतेपेक्षा हवेतल्या दमटपणाचा परिणाम जास्त दिसला, आणि वाढले ते बिघाड प्रामुख्याने जोडणीचे आणि डिस्कच्या सर्किटचे. आमच्या हवेला हे कुणी वेगळं शिकवायला नको.

पण वही स्वच्छ म्हणून निश्चिंत होऊ नका. गुगलने २००७ साली आपल्या एक लाखाहून अधिक डिस्कचा हिशेब छापला. तपासणीत पहिली चूक सापडलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत मरण्याची शक्यता, चूक नसलेल्या डिस्कच्या ३९ पट होती. म्हणजे वहीत शून्याचा एक झाला की डिस्क बदलायला घ्यावी. आणि त्याच हिशेबात असंही निघालं की मेलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून जास्त, ५६ टक्क्यांवर, अशा होत्या ज्यांच्या वहीत गुगलने महत्त्वाच्या मानलेल्या चारही ओळी शेवटपर्यंत शून्य होत्या. वहीत लाल शाई दिसली तर विश्वास ठेवा, नाही दिसली तर ठेवू नका.

एसएसडीबद्दल लोक विचारतात म्हणून दोन वाक्यं. तिच्यात फिरणारं काही नाही, मजकूर विजेच्या भारात कोंडलेला असतो. लिहून लिहून तिच्या पेशी झिजतात, वर्षानुवर्षं कपाटात विजेविना ठेवली तर भार गळू शकतो, आणि मरते तेव्हा बऱ्याचदा हार्ड डिस्कसारखी कुरकुर न करता एका सकाळी दिसेनाशीच होते.

मेला की वाटेत अडकला?

अर्धवट जिवंत यंत्र हा सगळ्यात चिवट प्रकार. साधी घरगुती डिस्क खराब जागा लागली की हट्टाला पेटते आणि मिनिटभरसुद्धा पुन्हा पुन्हा वाचत राहू शकते. एकटी असेल तर हे चांगलंच, कारण मजकुराची दुसरी प्रत नाही. पण ती डब्यात असेल तर वरचा रेड वाट पाहून कंटाळतो आणि मेली समजून तिला बाहेर काढतो. अशा डब्यांत बहुधा चालणारी लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम सहसा ३० सेकंद थांबते. म्हणून नॅससाठी बनवलेली डिस्क साधारण सात सेकंदांत हात वर करते आणि म्हणते, मला जमत नाही, तुम्ही वजाबाकी करा. त्या डिस्कला चार पैसे जास्त का, याचं एक कारण हे.

अनेक कॉम्प्युटर मिळून माहिती सांभाळत असतील तर पेच आणखी वाढतो. डिचोलीच्या शाखेला फोन लावला, लागत नाही. शाखा बंद आहे, की वाटेत माड पडून लाइन तुटली? म्हापशात बसून दोन्हींत काडीचा फरक कळत नाही. यंत्रं दर काही सेकंदांनी एकमेकांना "आहे मी" असा निरोप पाठवतात, आणि तो ठराविक वेळ आला नाही की समोरचा गेला असं धरतात. वेळ कमी ठेवली तर जिवंतांना मेलेलं ठरवाल, जास्त ठेवली तर मेलेल्याची वाट बघत बसाल. बरोबर आकडा कुठल्याच पुस्तकात नाही. आणि खरा धोका पुढे आहे: दोन्ही शाखा जिवंत, फक्त लाइन तुटलेली, आणि दोघींनाही वाटलं की आता आपणच मुख्य कचेरी. एकाच खात्यातून दोन्हीकडे पैसे दिले जातात.

यावरचा उपाय ग्रामपंचायतीत बसलेल्या कुणालाही ठाऊक आहे: गणपूर्ती. पाच यंत्रं असतील तर तीन एकत्र असल्याशिवाय निर्णय नाही. लाइन कुठेही तुटली तरी दोन्ही बाजूंना तीन-तीन जमणं शक्य नाही. दोनच यंत्रं असतील तर गणपूर्ती जमत नाही, मग नवा मुख्य गादीवर बसण्याआधी जुन्याची वीज तोडतो. मेला असेल तर फरक पडत नाही, जिवंत असेल तर आता नाही.

लायट गेली तेव्हा

आमच्याकडे पावसाळ्यात लायट एकदा जात नाही. मिनिटात तीनदा जाते-येते. त्यामुळे "सेव्ह केलं होतं हो मी!" हे वाक्य मी दर जूनमध्ये ऐकतो, आणि माणूस खोटं बोलत नसतो. सेव्ह म्हटल्यावर मजकूर आधी मेमरीत जातो. डिस्क हळू असते म्हणून सिस्टिम तो जमवून ठेवते आणि सवडीने उतरवते. मधल्या वेळात वीज गेली की मजकूर गेला, किंवा त्याहून वाईट, अर्धाच उतरला.

पतसंस्थेतल्या माणसाला उपाय एका वाक्यात कळतो: आधी रोजकीर्द, मग खतावणी. व्यवहार झाला की प्रथम रोजकीर्दीत एक ओळ. ती पक्की झाल्यावर मग सावकाश खात्यावर चढवायचं. मध्येच काम सोडून उठावं लागलं तर रोजकीर्द पाहून खतावणी पुरी करता येते. फाइल सिस्टिम आणि डेटाबेस हेच करतात. त्या ओळीसाठी ते सिस्टिमला दटावून विचारतात, "खरंच डिस्कवर पोचलं?"

आणि यातही एक फट होती, जी २०१८ मध्ये पोस्टग्रेस या नावाजलेल्या डेटाबेसच्या लोकांच्या ध्यानात आली. विचारल्यावर सिस्टिम म्हणाली, "नाही, लिहिताना अडचण आली." डेटाबेसने थोड्या वेळाने पुन्हा विचारलं. "हो, सगळं ठीक." दरम्यान लिनक्सने तो न उतरलेला मजकूर उतरला असं धरून सोडून दिला होता. वाईट बातमी त्याने एकदाच दिली आणि आपलं कर्तव्य संपलं असं मानलं. सुमारे वीस वर्षं डेटाबेस त्या दुसऱ्या होकारावर विश्वास ठेवत आला होता. आता नकार आला की तो स्वतःच बंद पडतो आणि उठल्यावर रोजकीर्दीवरून खतावणी नव्याने लिहितो. ऐकायला आततायी वाटतं. मला तरी हे फार समंजस वाटलं.

आता ती मोठी कंपनी. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या, प्रोग्रॅमरांचा कोड सांभाळून ठेवणाऱ्या कंपनीतल्या एका थकलेल्या कर्मचाऱ्याने रात्री दुसऱ्या सर्व्हरवर चालवायचा पुसण्याचा आदेश चुकून मुख्य सर्व्हरवर चालवला. अशा वेळी रेड, गणपूर्ती, चेकसम यातलं काहीच कामाला येत नाही, कारण यंत्राच्या दृष्टीने काहीच बिघडलेलं नसतं. पुसायला सांगितलं, पुसलं, सगळ्या प्रतींवर इमानेइतबारे पुसलं. मग बॅकअप शोधले. रोजचा बॅकअप प्रोग्रॅमच्या आवृत्त्या न जुळल्यामुळे चालतच नव्हता. तो फसल्याचे ईमेल निघत होते, पण सही-शिक्क्याच्या एका तांत्रिक कारणाने ते समोर नाकारले जात होते. कुणाला एकही मिळाला नाही. सुदैवाने त्याच कर्मचाऱ्याने सहा तासांपूर्वी दुसऱ्या कामासाठी हाताने एक प्रत काढली होती. मधले सहा तास गेले. कंपनीने हे सगळं स्वतःच जगासमोर मांडलं, हा त्यांचा मोठेपणा. त्यांचीही घंटा बंद होती, फक्त बटण कुणी दाबलं नव्हतं.

पतसंस्थेचं काय झालं? अडखळणाऱ्या डिस्कवरून निघालं तेवढं मी दीड दिवस काढत बसलो. खात्यांची फाइल पूर्ण आली नाही. पेन ड्राइव्हवर एक बॅकअप निघाला, चाळीस दिवसांचा जुना. मधले दिवस काकांनी आणि संस्थेतल्या दोन मुलींनी कागदी रोजकीर्दीवरून पुन्हा चढवले, चतुर्थीच्या आदल्या आठवड्यापर्यंत.

आता तिथे दोन नव्या डिस्क आहेत, तिसरी प्रत फोंड्याच्या शाखेत जाते, आणि डब्याचे निरोप काकांच्या आणि माझ्या अशा दोघांच्या मोबाइलवर येतात. महिन्याच्या पहिल्या शनिवारी एक मुलगी बॅकअपमधून कुठल्यातरी एका सभासदाचं खातं वेगळ्या कॉम्प्युटरवर उघडते आणि शेवटची शिल्लक वहीशी ताडून सही करते. बॅकअप झाला की नाही हे असं उघडल्याशिवाय मी मानत नाही, आणि मी हट्टाने त्यांना सही करायला लावली आहे.

मागच्या महिन्यात काकांचा फोन आला. "अरे, परत टीं टीं चालू झालंय. कुणाला हात लावू दिलेला नाही, तू ये." पावसात स्कूटर काढून गेलो. यूपीएसची बॅटरी संपत आली होती.